थंडोबाचा घाम

“यांना घाम येतो का?” बेहेरे मॅडमनी विचारलं, आणि मी हसलो.

हसायला नको होतं. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्याचा सहावा मजला, समोर हृदयाच्या दुर्मिळ आजारांची डॉक्टर, टेबलावर माझ्या धाकट्या भावाच्या चार वर्षांच्या रिपोर्टांचा गठ्ठा, आणि तो स्वतः शेजारच्या खुर्चीत दम खात बसलेला. ही काय हसायची जागा? पण प्रश्नच असा होता, की आमच्या घरातलं कुणीही हसलं असतं.

“घाम?” मी म्हणालो. “मॅडम, ह्यानं जन्मात कधी घाम गाळला नाही. आमच्याकडं ह्याला थंडोबाच म्हणतात.”

भालूनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. त्याला सवय होती.

मॅडम हसल्या नाहीत. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. “मी कष्टाचं विचारत नाहीये. अंगाचा घाम. उन्हातून आल्यावर यांचं कपाळ ओलं होतं का?”

ज्याच्याबरोबर अडतीस वर्षं एका घरात काढली, त्याचं ओलं कपाळ आठवायला गेलो, तर आठवेना.

“नाही येत,” भालू म्हणाला. “कधीच आला नाही. लहानपणी मी सांगायचो, पण सगळ्यांना वाटायचं...”

काय वाटायचं ते मी सांगतो. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, सांगायला हरकत नाही.

आमची चुरमुऱ्यांची भट्टी. मिरजेपासून दहा मैलांवर गाव, आजोबांपासूनचा धंदा. तापलेल्या वाळूच्या कढईत मीठ लावलेला तांदूळ टाकायचा, फुलला की चाळणीनं उपसायचा, वाळू खाली, चुरमुरे वर, की पुन्हा तांदूळ टाकायचा. खाली भुशाचा जाळ. मे महिन्यात तिथं उभं राहिलं की माणूस पाझरायला लागतो, आणि आमच्यात माणसाची किंमत त्यावरच ठरायची. वडील म्हणायचे, ज्याचा सदरा भिजला नाही त्यानं ताटावर बसू नये. माझा सदरा नळाखाली धरल्यासारखा भिजायचा. भालूचा सकाळी घातला तसा संध्याकाळी कोरडा.

त्याला कढईपुढं उभं केलं की दहा मिनिटांत तो तांबडालाल व्हायचा. “हातापायांत मिरच्या भरल्यात,” म्हणून रडायचा, आणि पळत जाऊन मागच्या हौदात पाय सोडून बसायचा. थंडोबा हे नाव मीच ठेवलं. मी पंधरा वर्षांचा, तो नऊ. नाव इतकं चपखल बसलं की शाळेत मास्तरांनीसुद्धा उचललं.

आई तेवढी त्याची बाजू घ्यायची, आणि तीही अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं ही लेकाला नावं ठेवतेय. “माज्या दौलूच्या वळणावर गेलंय,” म्हणायची. “मामाचं समदं उचललंय बघा.” दौलूमामा तिचा धाकटा भाऊ. शेतात कमी आणि विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून जास्त. चाळिशीच्या आत तो बसल्या जागी गेला. लोक म्हणाले, काय आळशी माणूस, मरायलासुद्धा उठला नाही. मीही हे वाक्य चारचौघांत सांगून हशा मिळवलेला आहे.

भालू भट्टीच्या कामाचा नाही हे ठरल्यावर त्याला शिकवलं, आणि तो गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झाला. दगडी फरशी, डोक्यावर पंखा, पायाखाली ओलं पोतं. “बघा, शेवटी थंडोबाला थंड जागा मिळाली,” मी म्हणालो. त्याचं लग्न जमलं नाही. आमच्या जातीत, आमच्या धंद्यात, कामचोर म्हणून ज्याचा बोभाटा झाला त्याला पोरगी कोण देणार? त्यानं ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, निदान आम्हाला दिसेल असं नाही.

चौतिसाव्या वर्षी वाचनालयाच्या अकरा पायऱ्या चढताना त्याला धाप लागायला लागली. मग डॉक्टर सुरू झाले. एकानं बीपी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं फोटो काढून सांगितलं, हृदयाच्या भिंती जाड झाल्यात, बीपीनंच झाल्या असतील. हातापायांची आग सांगितली तर तिसरा म्हणाला, तुम्ही फार वाचता, मनाचं आहे. गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन एक गोष्ट पक्की बजावली. “छातीत दुखलं आणि घाम फुटला, तर एक मिनिट थांबायचं नाही. अंगावर आहे त्या कपड्यांनिशी गाडीत घालायचं आणि मिरज गाठायची.”

मी ते पाठ केलं. त्या चार वर्षांत भालूच्या छातीत तीनदा दुखलं. तिन्ही वेळा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावला. कोरडं. “घाम नाही, म्हणजे गॅस आहे,” मी म्हणायचो, आणि आई ओवा भाजून द्यायची.

बेहेरे मॅडमना शोधून काढलं ते भालूनंच. वाचनालयात येणाऱ्या रविवारच्या पेपरात त्यांचा लेख आला होता, हृदयाच्या भिंती बीपीशिवायही कशानं जाड होतात यावर. शब्दकोडं फाडून नेणाऱ्या म्हाताऱ्यांना दारात उभं न करणाऱ्या माझ्या भावानं ब्लेडनं तो लेख कापला, आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘कात्रण ग्रंथपालाने स्वतः कापले आहे.’ मग पुस्तकांच्या यादीची कोरी कार्डं घेऊन एकेका कार्डावर एकेक त्रास लिहिला आणि ती चळत पत्रासोबत पुण्याला पाठवली. बारा दिवसांनी उत्तर आलं. ‘लवकर या. तुमचं लहानपण आठवणारं माणूस बरोबर आणा.’

ते माणूस म्हणजे मी. मला काय आठवत होतं ते आपण पाहिलंच.

मॅडमनी माझ्याकडं वळून एकेक विचारायला सुरुवात केली. हातापायांची आग? होती, पण आम्ही ते सोंग समजायचो. उन्हाळ्यात ताप यायचा? यायचा, शाळा बुडवायला. कमरेखाली बारीक लाल ठिपके?

“घामोळं,” मी म्हणालो. “ते कायमचंच आहे त्याला. आई मुलतानी माती लावायची.”

मॅडमनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. “घामच येत नाही, तर घामोळं कुठून येईल?”

मी मान खाली घातली. पुढ्यातला टेबलाचा कोपरा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

“आईच्या माहेरी असं कुणी होतं?” त्यांनी भालूला विचारलं. त्यानं दौलूमामाचं सांगितलं. मॅडमनी कागदावर एक गोल काढला, ती आई. तिच्या शेजारी चौकोन, तो दौलूमामा. गोलाखाली दोन चौकोन, आम्ही दोघे. मामाचा आणि भालूचा चौकोन त्यांनी पेनानं भरून टाकला. माझा कोरा ठेवला.

“मुलाला हा दोष आईकडूनच येतो. येईलच असं नाही, निम्मी शक्यता. तुम्हाला आला नाही, यांना आला.” त्या सावकाश सांगत होत्या. शरीरात एक प्रकारची चरबी रोज तयार होते आणि रोज साफ होते. ती साफ करणारा रस भालूच्या अंगात जन्मतःच नव्हता. ती साचत गेली. घामाच्या ग्रंथींत, नसांत, मूत्रपिंडांत, हृदयाच्या भिंतींत. रक्ताच्या तपासण्या व्हायच्या होत्या, पण त्यांना खात्री होती.

भट्टीचं धुराडं वर्षभर झाडलं नाही की काजळीनं आतून भरत येतं, बाहेरून मात्र तसंच दिसतं. मला तेवढंच सुचलं, आणि मी ते बोललोही.

“तसंच समजा,” मॅडम म्हणाल्या. “आता औषध आहे. तो रस बाहेर तयार करतात आणि दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून देतात. फार महाग असतो, पण कंपनीची एक मोफत योजना आहे, अर्ज करू. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे वयाच्या विशीत सुरू झालं असतं तर वेगळं होतं. आता भिंतींत वण पडलेत. ते औषधानं जात नाहीत.”

“म्हणजे माझ्या नवव्या वर्षी कुणी ओळखलं असतं तर?” भालूनं विचारलं.

“तेव्हा औषधच नव्हतं. पण निदान तुम्हाला उन्हापासून जपलं असतं.”

भालूनं मान हलवली. एखाद्या जुन्या पुस्तकाचं हरवलेलं पान मिळाल्यावर तो हलवायचा तशी. खाली आल्यावर तो म्हणाला, “ह्या बाई खोटं बोलत नाहीत. मला ह्यांचंच औषध घ्यायचंय.”

परतीच्या एसटीत त्यानं खिडकी माझ्याकडं दिली नाही, वारा त्याला लागायचा. सातारा मागं पडल्यावर म्हणाला, “आईला सांगायचं नाही, अण्णा.”

“काय?”

“तिच्याकडून आलं म्हणून. रक्ताचा आजार आहे एवढंच सांग.”

मी हो म्हणालो. घरी पोचलो तर आई दारातच. “काय म्हनली डाक्तरीन?” मी रक्ताचं सांगितलं. तिनं भालूच्या तोंडावरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणाली, “आगदी दौलूसारकं तोंड झालंय बग उतरून. मामाच्या वळनावर...”

“आई, गप्प बस,” मी एवढ्या जोरात ओरडलो की ती दचकली. भालूनं तिचा हात धरून तिला आत नेलं.

रक्ताचे रिपोर्ट आले, मॅडमचं खरं ठरलं. मग अर्ज. वीस पानांचा, सगळा इंग्रजीत. भालूची बोटं तेव्हा फार जळत होती, म्हणून तो वाचून मराठीत सांगायचा, उत्तर इंग्रजीत कसं लिहायचं तेही सांगायचा, आणि मी लिहायचो. वाचनालय बंद झाल्यावर आम्ही तिथंच बसायचो. नवव्या पानावर प्रश्न होता, पहिलं लक्षण कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत दिसलं.

“लिही, वय नऊ,” भालू म्हणाला.

लिहिलं. “आणि परिस्थिती?”

मी वर पाहिलं, आणि मला आठवलं.

मे महिन्याची सुट्टी होती. वडील बाजाराला गेले होते आणि कढई माझ्या ताब्यात होती. भालू दहा मिनिटांत पळायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. “आज सदरा भिजल्याशिवाय सोडणार नाही,” म्हणालो. तो ओढत होता, ओरडत होता, मिरच्या, मिरच्या. मी हसत होतो. पाव तास धरला असेल. त्याचं तोंड काळपट लाल झालं, मग ओरडायचा थांबला, आणि माझ्या हातातून खाली घसरला. दोन दिवस तापानं फणफणला होता. तो शुद्धीवर आल्यावर वडिलांनी त्यालाच दोन शिव्या दिल्या. त्यानं माझं नाव सांगितलं नव्हतं.

“भालू,” मी म्हणालो.

“लिही की. उष्ण जागी उभं राहिल्यावर.”

“कुणी उभं केलं ते लिहू?”

“तेवढी जागा नाही त्यात,” भालू म्हणाला आणि पान उलटलं.

मी त्या वेळी त्याचे पाय धरायला हवे होते. धरले नाहीत. मोठा भाऊ होतो ना.

सात महिन्यांनी मंजुरी आली. पहिली सलाईन पुण्याला, मॅडमच्या नजरेखाली दिली. चार तास थेंब थेंब. भालू उशीला टेकून पुस्तक वाचत होता आणि मी त्या बाटलीकडं बघत होतो. आमच्या भट्टीत आजवर जेवढा तांदूळ फुलला त्या सगळ्याहून ती बाटली मला मोठी वाटत होती.

“फरक पडतोय हे कळणार कसं?” मी मॅडमना विचारलं.

“हळूहळू. आग कमी होईल. काही जणांना काही महिन्यांनी घामही यायला लागतो. पण त्यावर जाऊ नका. मला हृदयाची काळजी आहे. दुखलं, चक्कर आली, छातीत धडधडलं, तर लगेच दाखवायचं.”

त्यांनी पाच-सहा वाक्यं सांगितली. आम्ही त्यातलं एक घरी आणलं. घाम यायला लागतो.

पुढच्या सलाईनी मिरजेत मिळायला लागल्या. दर वेळी परत आला की मी त्याच्या कपाळाला हात लावायचो. “आला का?” “नाही अजून.” आईसुद्धा लावायची. तिला एवढंच समजलं होतं, की घाम आला की लेकरू बरं झालं. तिनं मारुतीला नारळ बोलून ठेवला होता. माझं म्हणाल तर मी काही बोललो नव्हतो, पण माझं सगळं त्या घामात अडकलं होतं. त्याला घाम आला तर तो जगेल, आणि तो जगला तर मी त्याचं मनगट धरलं होतं ते कुठंतरी पुसलं जाईल. इतका सरळ हिशेब. चौथ्या सलाईनीनंतर त्याची आग खरोखरच कमी झाली. जन्मात पहिल्यांदा तो चप्पल घालून दुपारचा चौकापर्यंत गेला आणि चालत परत आला. सहाव्या वेळी म्हणाला, “अण्णा, रात्रभर झोपलो.”

सातवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकराच्या सुमाराला तो भट्टीवर आला. वीस-पंचवीस वर्षांत त्यानं भट्टीचा उंबरा ओलांडला नव्हता. स्वच्छ पांढरा सदरा, भांग पाडलेला.

“मला जरा कढईपुढं उभं कर,” म्हणाला.

“खुळा झालास का?”

“दोन मिनिटं. बघू तरी.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही बघायचं होतं, खोटं कशाला सांगू. मी कामावरच्या बायांना बाजूला केलं आणि त्याच्याजवळ उभा राहिलो. त्यानंच माझा हात घेतला आणि स्वतःच्या मनगटावर ठेवला.

“धर,” म्हणाला. “पळालो तर?”

तो हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर घातलं. दोन मिनिटांनी मीच त्याला ओढून बाहेर काढलं. तोंड लाल, पण आग नाही म्हणाला. कपाळ कोरडं.

“शेवटी थंडोबा तो थंडोबाच,” तो स्वतःच म्हणाला आणि पत्र्याच्या सावलीत चुरमुऱ्यांच्या पोत्यांवर जाऊन बसला. मी तांब्याभर पाणी दिलं आणि कामाला लागलो.

दहा मिनिटं झाली असतील.

“अण्णा.” आवाज बारीक होता. “इकडं ये. बघ.”

मी गेलो. त्याच्या कपाळावर थेंब होते. वरच्या ओठावर होते. मानेवरून एक ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. मी हात लावला. ओलं होतं. गार आणि ओलं. माझ्या भावाचं कपाळ, अडतीस संपून एकोणचाळिसावं लागलेलं, पहिल्यांदा ओलं.

“आई!” मी अशी हाक दिली की बाया हातातली चाळण टाकून धावल्या. “आई, थंडोबाला घाम आला!”

आई घरातून चहाची किटली तशीच हातात घेऊन आली. तिनं बघितलं, किटली खाली ठेवली आणि पदर पुढं केला.

“पुसू नको, आई,” भालू म्हणाला. “राहू दे की जरा.”

“आरं किती आलाय! समदा सदरा भिजला माज्या लेकराचा!” ती रडत होती आणि हसत होती. शेवटी तिनं पुसलंच. पुसलं की पुन्हा येत होता. तिनं पदराचं ओलं टोक मला दाखवलं, प्रसाद दाखवावा तसं. मी एका बाईला जिलेबी आणायला पिटाळलं. वडील असते तर त्यांच्या पुढ्यात नेऊन उभा केला असता, म्हटलं असतं, बघा, भिजला सदरा, आता वाढा ह्याला.

भालू डावा हात चोळत होता. पण हात तर तो जन्मभर चोळतच आला होता. तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, लाली उतरली.

“छाती भरून आलीय, अण्णा,” तो म्हणाला.

“माझीपण, लेका,” मी म्हणालो, आणि त्याच्या शेजारी बसून त्याच्या खांद्यावर हात टाकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा टाकला असेल. “भालू, ते मागं मी तुला...”

“राहू दे,” तो म्हणाला. “जरा टेकतो.”

चुरमुऱ्याचं पोतं हलकं असतं. माणूस टेकला की आतून चुरचुरतं, श्वासागणिक चुरचुरत राहतं. जिलेबीची पुडी आली. आई सगळ्यांच्या हातावर एकेक वेढा ठेवत होती. चुरचुर थांबली तेव्हा मला वाटलं, दमलाय, झोप लागली.

आईनं जिलेबीचा तुकडा त्याच्या ओठाला लावला, तेव्हा कळलं.

मग गाडी, मिरज, सगळं झालं. आधी व्हायला हवं होतं ते नंतर झालं. आमच्या गावच्या डॉक्टरांचं वाक्य मला गाडीत आठवलं, शब्द न् शब्द. छातीत दुखलं आणि घाम फुटला, तर एक मिनिट थांबायचं नाही. चार वर्षं ते मी रोज पाठ म्हटलं होतं.

तेरावा झाल्यावर वाचनालयातून मी पुण्याला फोन लावला. बेहेरे मॅडमना सांगायलाच हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात विचारलं, “शेवटी काय झालं? काही म्हणाले?”

“छाती भरून आलीय म्हणाला.”

“आणि घाम? घाम आला होता का?”

“हो,” मी म्हणालो. “आला होता.”

“किती वेळ?”

“वीस मिनिटं. आम्ही जिलेबी वाटली, मॅडम.”

भालूच्या टेबलावर ते रजिस्टर होतं, त्याच्या खुर्चीखाली वाळलेलं पोतं होतं. माझा सदरा पाठीला चिकटला होता. मला घाम आला होता, मला तो नेहमीच येतो.

“मॅडम,” मी विचारलं, “तो औषधाचा होता ना?”

“हो,” त्या म्हणाल्या. “औषधाचाच होता.”

बाई खोटं बोलत नाहीत, असं भालू म्हणायचा. मी फोन ठेवला आणि घरी गेलो. आई उंबऱ्याशी बसली होती, ज्याच्या पदरानं तिनं त्याचा घाम पुसला होता तेच लुगडं नेसून. तिनं वर पाहिलं आणि मी तिला सांगितलं, औषधाचा होता.